ओहोटी आधी, तिकीट नंतर

दिवाळीनंतरच्या अंकात नराराच्या प्रवाळांविषयी मी जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेकांना एकच विचारायचं आहे : जायचं कसं, कधी आणि कोणाबरोबर? म्हणून या वेळची सगळी जागा त्यालाच देते.

ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कच्छच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्याला, ओख्यापासून जोडियापर्यंत, देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान पसरलेलं आहे. १९८० मध्ये तिथे अभयारण्य झालं आणि १९८२ मध्ये त्यातल्या १६२.८९ चौरस किलोमीटर भागाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्याआधी कित्येक वर्षं याच आखातातून सिमेंटसाठी प्रवाळांची वाळू उपसली जात होती. उद्यानात बेटं पुष्कळ आहेत. पण जामनगरपासून साधारण ६० किलोमीटरवर, वाडीनारजवळच्या नराराला जायला होडी लागत नाही, पोहता यावं लागत नाही. ओहोटीला समुद्र मागे सरतो आणि त्याच्या तळावरून आपण चालत जातो. महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत होते तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना घेऊन तिथे जाते. निवृत्तीनंतरही जाणं थांबलेलं नाही.

प्रश्न : २६ जानेवारीला जोडून सुट्टी आली आहे. सौराष्ट्र मेलची तिकिटं काढली, जामनगरला हॉटेलही घेतलं. आता नराराला सकाळी जावं की संध्याकाळी? (ठाण्याच्या एक वाचक)

तिकिटं काढून झाली आहेत हे वाचून काळजात थोडं धस्स झालं, कारण नेमकी हीच चूक मी केली होती. पहिल्या वर्षी कॉलेजच्या सुट्ट्या पाहिल्या, गाडीचं आरक्षण केलं आणि एकवीस मुलांना घेऊन अष्टमीच्या दिवशी नराराच्या चौकीवर उभी राहिले. ओहोटी दुपारी होती, पण ती भांगाची, म्हणजे थोडकीच. पाणी थोडंसं मागे गेलं आणि थांबलं. प्रवाळांचा पट्टा तसाच पाण्याखाली. मुलं तिवरांच्या (खारफुटीच्या) कडेला बसून चिखलातले खेकडे मोजत राहिली. एवढा प्रवास करून आलेल्या मुलांना मी समुद्राचा तळ दाखवू शकले नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हा आधी पंचांग उघडा, गाडीचं वेळापत्रक नंतर. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं : भरती खूप चढते, ओहोटी खूप उतरते. दोन्ही अष्टम्यांच्या आसपास भांग असतो, पाण्याची चढउतार थोडकी असते. कोकणातल्या कोळ्यांचा हिशेब तुम्हाला घरात कोणीतरी सांगितला असेल : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. तृतीया असेल तर तीनाचे पाऊणपट सव्वादोन, म्हणजे सव्वादोनच्या सुमारास पूर्ण भरती आणि तिच्या सहा तास आधी, सव्वाआठच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. हा हिशेब कोकण किनाऱ्याचा. आखातात पाणी चिंचोळ्या जागेत शिरतं, तिथल्या वेळा वेगळ्या पडतात. म्हणून हे गणित दिवस ठरवायला वापरा, तास ठरवायला नको. तासासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची सारणी पाहा किंवा मोबाइलवर सिक्का किंवा वाडीनार बंदराचे आकडे काढा.

सारणीत वेळेच्या शेजारी मीटरमध्ये एक आकडा असतो, तो बहुतेक जण पाहतच नाहीत. ओहोटीच्या वेळी पाणी किती खाली जाणार ते त्यावरून कळतं. आकडा जितका लहान तितका तळ उघडा. मी एक मीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असेल तरच निघते. दिवसात दोन ओहोट्या असतात आणि दोन्ही सारख्या उतरत नाहीत, हेही तिथेच दिसतं.

माझा अनुभव असा की ऐन पौर्णिमा-अमावास्येपेक्षा त्यानंतरची द्वितीया, तृतीया, फार तर चतुर्थी सोयीची. उधाणाचा जोर टिकून असतो आणि ओहोटी रोज पाऊण तासाहून थोडी जास्तच पुढे सरकत सकाळच्या उजेडात येते. जामनगरकडे जानेवारीत सूर्य सव्वासातच्याही पुढे उगवतो हे लक्षात ठेवा. आपल्याकडच्या सवयीने पहाटे सहाची ओहोटी गाठायला जाल तर अंधारात उभे राहाल.

तुमच्या तिकिटांचं सांगायचं तर, तुमच्या तीन दिवसांत तिथी कोणती आहे ते आजच पाहा. भांग असेल तर तारीख बदला, पैसे कापले गेले तरी बदला. बदलता येत नसेल तर या खेपेला पक्षी पाहा (खाली खिजडियाबद्दल लिहिलं आहे) आणि नरारा पुढच्या वेळेसाठी ठेवा.

प्रश्न : आम्ही रत्नागिरीचे, जन्म समुद्रकाठी गेला. तरी तिथे गाइड घ्यावाच लागतो का? आपले आपण फिरलो तर चालणार नाही?

नाही चालणार. गाइडशिवाय आत जाता येत नाही, आणि हा नियम योग्य आहे असं माझं मत आहे. तुम्हाला तुमचा समुद्र माहीत आहे, हा नाही.

आपल्याकडे वाळूचा उतार असतो. पाणी येताना समोरून येतं, दिसतं. नराराला जमीन जवळजवळ सपाट आहे आणि मधूनमधून ओहोळ आहेत. भरती लागली की पाणी आधी या ओहोळांतून आत शिरतं. तुम्ही पुढे प्रवाळ पाहत वाकलेले असता आणि परतीच्या वाटेवरचा ओहोळ मागच्या मागे भरत असतो. एकदा आमच्या गाइडने मला हे शब्दांत न सांगता दाखवलं. मुलं एका डबक्याभोवती जमली होती, मी म्हटलं, अजून दहा मिनिटं. तो काही बोलला नाही. हातातली काठी त्याने पाण्याच्या अगदी कडेला, कोरड्या चिखलात रोवली आणि माझ्याकडे पाहत उभा राहिला. मी मुलांना काहीतरी समजावत होते. मान वर केली तेव्हा पाणी काठी ओलांडून हातभर पुढे आलं होतं. “चालो बेन, ओट पूरी थई” (चला ताई, ओहोटी संपली), एवढंच म्हणाला. जाताना घोट्याइतका असलेला ओहोळ परतताना माझ्या गुडघ्यांच्या वर आला होता, आणि मुलांमधली सर्वात लहानखुरी मुलगी माझा हात घट्ट धरून होती. तेव्हापासून गाइड “चला” म्हणाला की मी वाक्य अर्धं सोडून वळते.

हे गाइड बहुतेक आसपासच्या गावांतले, लहानपणापासून याच चिखलात वावरलेले. प्रत्येकाला सगळ्या प्राण्यांची शास्त्रीय नावं येतील असं नाही. ती अपेक्षा ठेवू नका. नावं तुम्ही घरी येऊन पुस्तकातून शोधू शकता. कोणत्या खडकाखाली काय असतं, कुठे पाय रुततो, कुठल्या बाजूचं पाणी आज गढूळ आहे, हे त्याच्या पायांना माहीत असतं.

ठरवताना दोन गोष्टी बोलून घ्या. एक, तुमच्या गटात किती माणसं. आठ-दहांच्या वर असाल तर दोन गाइड घ्या. वीस जणांत मागच्या दहांना काहीच दिसत नाही, ते कंटाळतात आणि प्रवाळांवरून चालू लागतात. दुसरं, पूर्ण ओहोटीच्या दीड-दोन तास आधी चौकीवरून निघायचं. उतरत्या पाण्याच्या मागोमाग जायचं आणि पाणी फिरायच्या सुमाराला परतीला लागायचं. पूर्ण ओहोटीच्या वेळी चौकीवर पोचलात तर निम्मा वेळ जाण्यातच जातो आणि उरलेला पाण्याशी शर्यत लावण्यात.

प्रवेश, कॅमेरा आणि गाइड यांचं शुल्क बदलत असतं. जामनगरला सागरी राष्ट्रीय उद्यानाचं कार्यालय आहे. निघण्याआधी तिथे फोन करून शुल्क आणि उद्यान त्या दिवशी उघडं आहे की नाही, दोन्ही विचारा. ओळखपत्र प्रत्येकाचं जवळ ठेवा. पावसाळ्यात जाण्याचा विचारच करू नका.

प्रश्न : गाइड प्राणी हातात काढून दाखवतात असं ऐकलं. माझी मुलं दहा आणि सात वर्षांची आहेत. त्यांना केंड मासा फुगलेला पाहायचा आहे. असं दाखवायला सांगावं का?

कृपा करून सांगू नका. तुम्ही मोकळेपणाने विचारलंत म्हणून मीही मोकळेपणाने सांगते, मीही एके काळी हे पाहिलं आहे आणि थांबवलं नाही.

आमच्या शेजारी दुसरा एक गट होता. त्यांच्या आग्रहावरून त्यांच्या गाइडने डबक्यातून केंड उचलला. मासा आधी दातांवर दात घासल्यासारखा आवाज करत राहिला, मग फुगत फुगत चेंडूसारखा झाला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. फोटो झाले. गाइडने त्याला परत पाण्यात सोडलं तर तो बुडेचना. पोट वर करून तरंगत राहिला, शेपूट आणि इवले पर नुसते हलत होते. केंड पाण्यात फुगतो तेव्हा पाणी गिळून फुगतो आणि ते पाणी बाहेर टाकू शकतो. पाण्याबाहेर काढलं की तो हवा गिळतो, आणि ही हवा बाहेर टाकणं त्याला जड जातं. वरून बगळे हिंडत असताना डबक्यावर तरंगणारा मासा म्हणजे ताटात वाढलेला घास. टाळ्या थांबल्या. मग त्या गाइडनेच वाकून त्याला तळहाताने पाण्याखाली धरलं, तोंड वर करून. एक बुडबुडा आला, मग चार-पाच एकदम. थोड्या वेळाने मासा खडकाखाली गेला. गाइड बराच वेळ ओले हात तसेच धरून उभा होता.

पर्यटक मागतात म्हणून गाइड दाखवतात. न दाखवलं तर आपण नाराज होऊ, बक्षिशी देणार नाही, असं त्यांना वाटतं. म्हणून चौकीवरच, चालायला लागायच्या आधी, हसतमुखाने सांगायचं : “भाई, आम्हाला काहीच हातात नको, पाण्यातच दाखवा. वेळ लागला तरी चालेल.” मी दर वेळी सांगते, आणि दर वेळी समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर आनंदच दिसतो. बक्षिशी मात्र नेहमीपेक्षा थोडी जास्तच द्या.

मुलांना एक करायला सांगा : डबक्याशी उकिडवं बसायचं, सावली पाण्यावर पडू द्यायची नाही आणि शंभर अंक मोजायचे. साठ-सत्तरला खेकडे बाहेर येतात. केंड न फुगताही पाहण्यासारखा असतो. त्याचे डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरतात.

प्रवाळांनाही हात लावू द्यायचा नाही. ओहोटीला उघडे पडलेले प्रवाळ अंगावर चिकट द्रवाचा पातळ थर धरून असतात. उन्हात सुकू नये म्हणून केलेली ती सोय आहे. आपलं एक बोट फिरलं की तेवढा थर पुसला जातो, आणि उरलेली ओहोटी तो भाग तसाच तापत राहतो.

प्रश्न : आम्ही मागच्या वर्षी जाऊन आलो. खरं सांगायचं तर फार काही दिसलं नाही. तपकिरी दगड आणि चिखल. फोटोत रंग दिसतात ते कुठे गेले? (पुण्याचे एक वाचक)

तुमचं पत्र मला आवडलं. निराशा झाली हे कोणी लिहीत नाही.

फोटोतले निळे-जांभळे प्रवाळ बहुतेकदा स्वच्छ, खोल पाण्यातले असतात, अंदमान-लक्षद्वीपचे. कच्छचं आखात गढूळ आहे, खारटपणा जास्त, उन्हाळ्या-हिवाळ्यातल्या तापमानात मोठा फरक, आणि वर ओहोटीला तासन् तास उघडं पडायचं. भारतातले सर्वात उत्तरेकडचे प्रवाळ हे. फांद्याफांद्यांचे नाजूक प्रकार इथे फारसे दिसत नाहीत. गोलसर, घट्ट, दगडासारखे दिसणारे टिकले आहेत. त्यांचा तपकिरी-हिरवट रंग म्हणजे मरगळ नव्हे. प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, त्याचा तो रंग असतो. तेच उन्हातून अन्न बनवतं आणि प्रवाळाला पोसतं. काळजी करायची ती प्रवाळ पांढरा दिसला तर. पाणी फार तापलं की हे शैवाल निघून जातं आणि खालचा चुन्याचा सांगाडा दिसू लागतो.

दुसरं असं की तुम्ही बहुतेक चालत राहिलात. सगळेच राहतात. तिथे चालण्यासारखं थोडं आहे आणि थांबण्यासारखं पुष्कळ. पुढच्या वेळी गाइडला सांगा, गोनिओपोरा असलेलं, पाणी न आटलेलं डबकं दाखवा. नाव कळलं नाही तर “फुलांसारखा हलणारा प्रवाळ” म्हणा. बहुतेक प्रवाळांचे जीव दिवसा मिटलेले असतात, रात्री उघडतात. गोनिओपोराचे दिवसाही उघडे असतात. लांबून तो तुम्हाला शेवाळलेला धोंडा वाटेल. जवळ बसलात की कळतं, त्या धोंड्यावर बोटाएवढ्या देठांची शेकडो फुलं आहेत, तपकिरी देठ, टोकाला फिकट पाकळ्यांचं वर्तुळ, आणि पाणी हललं की सगळी एका बाजूला झुकतात, पुन्हा सरळ होतात. पाकळ्या मोजा. चोवीस भरतील. त्या पाकळ्या म्हणजे त्या जीवाचे स्पर्शक, आणि मधलं ठिपक्याएवढं भोक म्हणजे तोंड. अशी शेकडो तोंडं मिळून तो एक धोंडा झालेला आहे, आणि तो धोंडा त्यांनीच, समुद्रातला चुना घेऊन, वर्षानुवर्षं बांधलेला आहे. मी हे शिकवताना फळ्यावर अनेकदा काढलं होतं. पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिलं तेव्हा गुडघ्यापर्यंत भिजले होते आणि उठावंसं वाटत नव्हतं.

पुन्हा जा. चार डबकी पाहिलीत तरी पुरे.

प्रश्न : आई ६८ वर्षांची आहे, एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. तिला फार इच्छा आहे. नेऊ का?

प्रवाळांपर्यंत नेऊ नका. जाऊन-येऊन काही किलोमीटर चालणं आहे, तेही निसरड्या दगडांवरून आणि पाय ओढून घेणाऱ्या चिखलातून, बसायला जागा नाही, आणि परतताना घाई करावी लागली तर त्यांना ती जमणार नाही. पाय मुरगळलेल्या माणसाला तिथून उचलून आणणं किती कठीण असतं, ते मी पाहिलं आहे.

पण त्यांना हॉटेलवर ठेवू नका. चौकीपासून तिवरांचा पट्टा जवळ आहे, तिथपर्यंतची वाट त्यांना झेपेल का ते गाइडला विचारा. तिकडे तिवरांना चेर म्हणतात. चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली त्यांची श्वसनमुळं, त्यामधून पळणारे खेकडे, एवढ्यावर तास सहज जातो. एक घडीचं स्टूल आणि दुर्बीण बरोबर द्या.

आणि दुसऱ्या दिवशी खिजडियाला जा. जामनगरपासून अर्ध्या तासाच्या आत पोचाल. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून संस्थानच्या काळात तिथे बांध घातला. त्यामुळे बांधाच्या एका बाजूला गोडं पाणी आणि दुसऱ्या बाजूला खाजण, असे दोन्हीकडचे पक्षी एकाच वाटेवरून दिसतात. २०२२ मध्ये या जागेचं नाव रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आल्याचं जाहीर झालं. रोहित (फ्लेमिंगो), क्रौंच, बदकं हिवाळ्यात भरपूर. रस्ता सपाट आहे. तुमच्या आईला ही सकाळ लक्षात राहील.

प्रश्न : बूट कोणते? सँडल चालतील?

सँडल नकोत, चपला तर मुळीच नकोत; चिखल त्या ठेवून घेतो. जुने, नाडीचे, बंद बूट आणि आत मोजे. कालवांच्या (खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांच्या) धारेने पाय कसा कापतो ते रत्नागिरीकरांना सांगायला नको. बूट भिजणारच, दुसरा जोड गाडीत ठेवा. पाऊल टाकताना उचलून आपटू नका, गढूळ पाण्यात थोडं घासत न्या. वाळूत पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) बसलेली असेल तर ती आपणहून सरकते. पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, माणशी लिटरभर पाणी. मोबाइल प्लास्टिकच्या बंद पिशवीत, आणि ती पिशवी परत घरी आणायची. आत आडोसा नाही, स्वच्छतागृह आधीच उरका, विशेषतः मुलींना सांगा.

प्रश्न : रिकामे शंख-शिंपले आणले तर काय बिघडतं? ते तर मेलेलेच असतात. (कोल्हापूरच्या एका शिक्षिका)

शंख मेलेला असतो, पण रिकामा असेलच असं नाही. मऊ पोटाचा एक खेकडा पोटावर कवच नसल्यामुळे दुसऱ्याचा रिकामा शंख पाठीवर घेऊन राहतो. अंग वाढलं की त्याला मोठा शंख शोधावा लागतो. आपण मोठे, देखणे, न फुटलेले तेवढेच उचलतो, म्हणजे त्याच्या उपयोगाचे नेमके तेवढेच. माझ्या एका विद्यार्थ्याने खिशात घातलेला शंख रात्री हॉटेलच्या खोलीत चालू लागला. आम्ही पहाटे तो परत नेऊन सोडला, पण तो जगला का ते मला माहीत नाही.

शिवाय हे राष्ट्रीय उद्यान आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथून काहीही उचलायला मनाई आहे, आणि खडक बांधणारे प्रवाळ तर वाघाच्या बरोबरीने पहिल्या अनुसूचीत आहेत. मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही आणू नका. शिक्षिका आहात तर वर्गातल्या मुलांना वह्या न्यायला सांगा. शंख जागेवरच ठेवून त्याचं चित्र काढायला लावा. माझ्याकडे अशी चित्रं ट्रंकभर आहेत.

प्रश्न : अंदमानला जाणारच आहोत. मग नराराला कशाला जायचं?

अंदमानला वांडूरचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, १९८३ चं. तिथे बोटीने जायचं असतं. जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटं आलटून पालटून उघडी ठेवतात, म्हणजे एकाला विसावा मिळतो. तुमच्या तारखांना कोणतं उघडं आहे ते आधी विचारा. प्लास्टिक नेऊ देत नाहीत. काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ दिसतात, पाणी स्वच्छ, रंग सुरेख. जरूर जा.

पण तिथे तुम्ही वरून पाहता. नराराला समुद्र तुम्हाला काही तास त्याच्या घरात उभं राहू देतो. माझ्यासाठी त्याला तोड नाही. जमलं तर दोन्ही पाहा, आणि नरारा आधी.

प्रश्न : मी चौथीत आहे. मला ऑक्टोपस नक्की दिसेल ना? (पत्र पेन्सिलीने लिहिलं आहे, खाली आठ पायांचं चित्र)

नक्की असं समुद्राचं काही सांगता येत नाही, बाळा. पण शोधायचा कसा ते सांगते. तो डोळ्यांना सापडत नाही, कारण ज्या दगडावर बसतो त्या दगडाचा रंग घेतो. त्याऐवजी त्याचं जेवण शोध. दगडाखाली मुठीएवढं भोक असेल आणि त्याच्या दाराशी खेकड्याच्या ताज्या नांग्या, फुटलेले शिंपले असा कचरा पडलेला असेल, तर घरात कोणीतरी आहे. गाइडकाकांना हळूच खूण कर. काठी आत घालायची नाही, त्यांनाही घालू द्यायची नाही. दोन हात लांब बस, तुझी सावली भोकावर पडणार नाही अशी. आधी आत एक डोळा दिसेल, मांजरासारखा नाही, त्याची बाहुली आडवी असते. मग एक हात बाहेर येईल, दगड चाचपेल, परत जाईल. तू हलली नाहीस तर दुसरा येईल. त्यावरच्या वाट्या मोजता येतात का बघ, आणि मोजता आल्या तर मला लिहून पाठव.